घरांतील अळंबी आणि पंख्याची घरघर

आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. टोमॅटोचीं रोपें, कांद्याच्या चाळी, द्राक्षांचे मांडव यांविषयीं त्यांस पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं; उलट त्यांच्याकडून आम्हांसच पुष्कळ शिकावें लागतें. परंतु घराच्या चार भिंतींच्या आंत, उन्हावांचून होणारी एक शेती अलीकडे जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत कोठें कोठें दिसूं लागली आहे. ती शेती धिंगरी अळंबीची. अळंबी कशी पिकवावी हें सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. नारायणगांवचें कृषि विज्ञान केंद्र जवळच आहे, आणि पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत तर अळंबीच्या संशोधनाचा स्वतंत्र प्रकल्प आहे. ज्यांस हौस असेल त्यांनीं तेथें विचारपूस करावी. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या खोलींतून निघणाऱ्या आवाजाविषयीं, व तो कमी करण्याच्या खटपटीविषयीं. पदार्थविज्ञानांतील ध्वनीचें प्रकरण आम्ही पुष्कळ वर्षे शिकवीत आलों. पण त्यांतील वाक्यें चालतीं बोलतीं झालेलीं पाहिलीं तीं या निमित्तानें.

पश्चिमेस भीमाशंकराच्या बाजूस आषाढ-श्रावणांत वारुळांवर अळंबी आपोआप उगवते. घरच्या बायकामुलांनीं पहांटे जाऊन ती खुडून आणावी एवढेंच काम. आमच्या पूर्वेकडील कोरड्या भागांत तो पाऊस खोलींत आणावा लागतो. धिंगरीस साधारणपणें २० ते ३० अंश सेल्सिअस उष्णता व हवेंत शेंकडा ८० ते ९० आर्द्रता लागते. चैत्र-वैशाखांत नारायणगांवास किंवा मंचरास अशी हवा कोठून मिळणार? म्हणून कूलर ठेवावा लागतो. त्याच्या टाकींतील लहानसा पंप पाणी वर चढवितो, तें जाळीवरून ओघळतें, व पंखा त्या ओल्या जाळींतून हवा ओढून खोलींत सोडतो. एवढ्यानें भागत नाहीं. अळंबीही आपल्याप्रमाणेंच श्वास घेते व कर्बवायु सोडते. तो वायु खोलींत कोंडला तर देंठ लांबच लांब वाढतात आणि छत्री बटणाएवढी राहते. असा माल बाजारांत कोणी हातीं धरीत नाहीं. तेव्हां खोलींतील हवा बाहेर फेंकणारा दुसरा पंखा समोरच्या भिंतींत बसवावा लागतो. एक पंप आणि दोन पंखे, हीच काय ती या शेतीची बैलजोडी. आणि ही बैलजोडी रात्रींही दावणीला बांधतां येत नाहीं.

आमच्या पत्नीनें दोन वर्षांपूर्वीं हें काम मागील खोलींत सुरू केलें. खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब. तींत दोऱ्यांवर पेंढ्याच्या पिशव्या टांगलेल्या असतात. यांतून फार मोठी प्राप्ति होते असें नाहीं. पण मुलीच्या शिक्षणाचा बराचसा भार त्या पिशव्यांनीं उचलला आहे, व तो पैसा स्वतःच्या कष्टाचा असल्यामुळें त्याची गोडी घरांत निराळीच आहे. त्या खोलीची एक भिंत आमच्या वृद्ध मातोश्रींच्या खोलीस लागून आहे. मुलगी यंदा दहावीच्या वर्गांत. तिचा अभ्यासही आजीच्याच खोलींत चालतो.

आवाज मोठा होता असें म्हणतां येणार नाहीं. पाहुणे येत ते म्हणत, “एवढाच ना? आमच्याकडे याहून जास्त आहे.” मुलीनें मोबाईलवरील एका मापकानें आजीच्या उशाशीं मोजला तेव्हां तो सुमारें ५४ डेसिबल भरला. असलीं मापकें तंतोतंत नसतात, तरी तुलनेपुरतीं पुरे होतात. सन २००० च्या केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. ते नियम वस्तींतील सार्वजनिक गोंगाटाकरितां आहेत, घरच्या कूलरकरितां नव्हेत. परंतु माणसाच्या कानास रात्रीं किती सोसवतें याचा अंदाज त्यावरून येतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे कानास आवाज साधारणतः दुप्पट वाटतो, हेंही येथें ध्यानांत ठेवावें.

पण आमच्या मातोश्रींची तक्रार आवाज मोठा आहे अशी नव्हतीच. त्या एके दिवशीं एवढेंच म्हणाल्या, “अरे, रात्रीचं कांहीं ऐकूं येत नाहीं मला.” त्यांची दृष्टि मोतीबिंदूनें मंद झाली आहे. दिवस त्या चालण्याच्या चाहुलीवरून व रात्र लांबच्या आवाजांवरून ओळखतात. पहिली एस.टी. गेली, दूधवाल्याची किटली वाजली, उसावरून पावसाची सर येत आहे, गाय उठून उभी राहिली, हें सारें अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांस कळतें. घरांतील घड्याळ बंद पडलें तरी चालतें, इतका त्यांच्या कानाचा भरंवसा. त्या कानापुढें आतां आठही प्रहर एकच पडदा टांगलेला होता.

शहरांत राहणाऱ्या वाचकास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या भागांत ती तशी नाहीं. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, कालव्यांना पाणी आलें, आणि माळाच्या जागीं ऊस उभा राहिला. त्या उसांत बिबट्यानें आपलें घर केलें. माणिकडोहचें बिबट्या निवारा केंद्र आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ऊस तुटूं लागला कीं तें जनावर उघड्यावर येतें व वस्त्यांच्या आसपास हिंडूं लागतें. पूर्वी उन्हाळ्यांत लोक अंगणांत निजत. आतां कोणी निजत नाहीं. शेतीची वीज रात्रीची आली तर दारें धरावयास एकटा माणूस जात नाहीं, दोघे तिघे बॅटरी घेऊन व मोठ्यानें बोलत जातात. अशा मुलखांत रात्रींचा कान म्हणजे घराची राखणच होय. कुत्रें कोणत्या रीतीनें भुंकतें यावरून काय आलें आहे तें जुन्या माणसांस समजतें.

गेल्या चैत्रांत, ऊसतोडणी संपत आली असतां, एका रात्रीं शेजारच्या वस्तीवरील शेळी बिबट्यानें उचलली. लोकांनीं डबे बडविले, फटाके लावले, आरडाओरड केली. आमचें घर तेथून दोनशें पावलांवर. पण आमच्या घरांत कोणासही जाग आली नाहीं. सकाळीं शेजारी सांगत आले तेव्हां कळलें. आमच्या गोठ्यास जाळी व दार दोन्ही आहेत, त्यामुळें आमचीं जनावरें सुखरूप होतीं. परंतु गोठ्याच्या दारापुढील ओल्या मातींत पंजांचे ठसे स्पष्ट उमटले होते. मातोश्रींनीं ते बोटांनीं चांचपून पाहिले. त्या कांहीं बोलल्या नाहींत. तीन दिवस त्या रात्रीं बसून राहिल्या, आणि चौथ्या दिवशीं आमच्या पत्नीनें होऊन म्हटलें कीं अळंबी बंद करूं. तें आम्हांस मान्य नव्हतें. मातोश्रींसही नव्हतें, हें विशेष. “पोरीचं शिक्षण त्यावर आहे, यंत्रालाच कांहीं कर,” असें त्यांनीं आम्हांस सांगितलें.

एका आवाजानें दुसरा आवाज झांकला जातो, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मंद व खोल गुणगुण ही आपल्यापेक्षां उंच स्वरांनाही गिळून टाकते, असा कानाचा धर्म आहे. म्हणून गुणगुणीचें नुकसान तिच्यामुळें काय ऐकूं येतें यांत नसून काय ऐकूं येत नाहीं यांत असतें. याचा मोठा दाखला आपल्याच तालुक्यांत आहे. खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ती या भागांत उभारण्याचें एक मोठें कारण असें कीं येथें माणसानें केलेला रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता, व सभोंवारच्या डोंगरांची आडही होती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनीं आपले विद्यार्थी तेथें जातात तेव्हां तबकडीच्या आकाराकडेच सर्वांचे डोळे लागतात. परंतु आकाशांतून येणारा तो क्षीण संकेत ऐकण्यास नुसता मोठा कान पुरत नाहीं. भोंवतालीं शांतताही लागते. डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही गोष्टी साधल्या.

असो. आवाज कमी करावयाचा म्हटल्याबरोबर बहुतेकांनीं एकच उपाय सुचविला: यंत्रावर लांकडी पेटी घालावी व तिला आंतून गोधड्या लावाव्या. तो आम्हीं घेतला नाहीं. पेटींत कोंडलेला पंखा हवा टाकणार कशी? हवा अडली कीं मोटर तापते आणि अळंबीचा श्वास कोंडतो. ज्या कामासाठीं यंत्र आणलें तेंच बंद पडतें. शिवाय त्या ओल्या हवेंत गोधडीला आठ दिवसांत हिरवी बुरशी धरते, आणि ती बुरशी म्हणजे अळंबीची वैरीण. आवाज बाहेर पडतांना अडविण्यापेक्षां तो जन्मतो कोठें हें आधीं पाहावें, असें आम्हीं ठरविलें.

वर्गांत आम्ही नादकांटा वाजवून हवेंत धरतों. तेव्हां पहिल्या बाकावरील मुलांसच तो कसाबसा ऐकूं येतो. त्याचें देंठ टेबलावर टेंकविलें कीं शेवटच्या बाकापर्यंत नाद पोहोंचतो. कांटा तोच, जोर तोच. फक्त टेबलाचा मोठा पृष्ठभाग त्याबरोबर कांपूं लागला. तंबोऱ्याचा भोपळा हेंच काम करतो. आमच्या कूलरचा पंप म्हणजे मुठीएवढा नादकांटा व त्याची पत्र्याची टाकी म्हणजे भोपळा होता. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो, आणि अशा पंपाच्या लोखंडास प्रत्येक आवर्तनांत दोनदां ओढ बसते. म्हणून त्याची गुणगुण सेकंदास १०० कंपनांची असते. मुलीनें वीज बंद करून पंप वर काढला, त्यास सुतळीनें बांधलें, टाकीवर आडव्या ठेवलेल्या बांबूस लटकविला, व बुडाला कोठेंही न टेंकतां तो पाण्यांत पूर्ण बुडून राहील असें केलें. त्याची ताठ नळी काढून मऊ रबरी नळी लावली व तिला एक सैल वेढा दिला. मग वीज सुरू केली. आम्ही शेजारच्या खोलींत उभे होतों; पंप चालूं झाला कीं नाहीं हें आम्हांस विचारावें लागलें.

येथें एक सूचना विद्यार्थ्यांनीं कधींही विसरूं नये. कूलरच्या पाण्यांत हात घालण्यापूर्वीं त्याची वीज नुसत्या बटणानें बंद करून भागत नाहीं. खिट्टी भिंतींतून उपटून बाहेर काढली पाहिजे. पत्र्याच्या कूलरनें बसलेल्या धक्क्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यांत वाचावयास मिळतात. अर्थिंगची तार लावल्याशिवाय तर तो वापरूंच नये.

पंपाची टाकींतील पातळीही पाहावी लागते. पाणी उतरलें कीं पंप पाण्याबरोबर हवा ओढूं लागतो आणि हुक्क्यासारखा गुडगुडतो. तो आवाज दुरुस्तीचा नव्हे, बादलीभर पाण्याचा आहे.

पंख्याचें प्रकरण अधिक खर्चाचें निघालें. हवा बाहेर टाकणारा पंखा नऊ इंची, सहा पात्यांचा, मिनिटास सुमारें १,४०० फेरे घेणारा होता, आणि तो थेट पत्र्याच्या झडपेवर स्क्रूनें आवळलेला होता. १,४०० ला ६ नीं गुणून ६० नीं भागलें तर १४० येतात. म्हणजे सेकंदास १४० वेळां एकेक पातें चौकटीजवळून जातें, आणि त्याच स्वराची घरघर उठते. पंख्यांचा असा नियम आहे कीं फेरे निम्मे केले तर आवाज सुमारें १५ डेसिबल उतरतो. पण हवाही निम्मी होते! तोड अशी कीं पंखा मोठा घ्यावा व हळू फिरवावा. त्याच घडणीचा बारा इंची पंखा सुमारें ६०० फेऱ्यांत तेवढीच हवा काढतो, आणि हिशेबानें आवाजांत दहाएक डेसिबलांची घट पडते. ज्या मुलांस घन व घात यांचा उपयोग काय असा प्रश्न पडतो त्यांनीं १२ चा घन ९ च्या घनानें भागून पाहावा, व आलेल्या उत्तरानें १,४०० ला भागावें. मात्र हळू फिरणाऱ्या पंख्याच्या अंगीं रेटा कमी असतो. त्याच्या वाटेंत बारीक जाळी, अरुंद नळी किंवा अर्धवट मिटलेली झडप असतां कामा नये. आम्हीं गवंड्याकडून भिंतींतील भोंक मोठें करून घेतलें, लांकडी चौकट बसविली, आणि चौकट व पंखा यांच्यामध्यें सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे लोखंड कोठेंही लांकडास थेट लागत नाहीं. स्क्रूच्या डोक्याखालींसुद्धां ट्यूबची चकती पाहिजे. ती विसरली तर बाकीचें सारें रबर फुकट जातें, कारण कंपनास एक स्क्रूही पुरतो.

वेग कमी करण्यासाठीं दुकानदारानें प्रथम जो रेग्युलेटर दिला त्यानें पंखा हळू झाला खरा, पण मोटर रडूं लागली. कांहीं इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येंच तोडून वेग उतरवितात. त्या तोडण्याचा हिसका मोटरीस बसतो व ती गुणगुणते. कपॅसिटरच्या पायऱ्यांचा रेग्युलेटर तसें करीत नाहीं. तो बदलून घेतला. लाट तोडणाऱ्या त्या पहिल्या उपकरणाजवळ मध्यम लहरींचा रेडिओ धरला असतां त्यांतून एकसारखी खरखर येई; खोडदच्या तबकड्यांसही असले शेजारी आवडत नसावेत.

पात्यांकडे लक्ष पुरविण्याचें काम आमच्या पत्नीचें. धिंगरीची छत्री फार पिकूं दिली, तिच्या कडा वर वळल्या, कीं तिच्यांतून बीजाणूंची पांढरी धूळ उडते. ती फुप्फुसांस बाधते, आणि पात्यांवर कमीअधिक बसून पंख्याचा तोल घालविते. तोल गेलेला पंखा थरथरतो, आणि ती थरथर रबरासही पुरी झेपत नाहीं. यास्तव कडा वळण्यापूर्वीं तोडणी व आठवड्यास एकदां ओल्या फडक्यानें पातीं पुसणें, हे दोन्ही नियम त्या घरांत कडकपणें पाळवितात.

हवेच्या वाटेनें जो आवाज बाहेर येतो त्यासाठीं भिंतीच्या बाहेरील अंगास विटांचा एक आडोसा बांधला. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनीं वळून निघून जाते. आवाज विटांवर आपटून शेताकडे वळतो. गोण्यांचें अस्तर लावावयाचें तर तें येथें, बाहेरच्या कोरड्या बाजूस. खोलीच्या दाराखालील बोटभर फटींतून केवढा आवाज येतो हें ती फट कापडाच्या गुंडाळीनें बुजविल्याशिवाय समजत नाहीं. जुन्या वाड्यांच्या दोन हात जाड भिंतींस हा त्रास नव्हता. जड भिंत आवाजानें हलत नाहीं, आणि हललीच नाहीं तर पलीकडे देणार काय? लेण्याद्रीच्या गुहांत शिरतांच पायथ्याची गजबज मागें राहते ती यामुळेंच. आमची मधली भिंत चार इंची विटेची आहे; ती पाडून नवी बांधण्याची ऐपत नाहीं, म्हणून तिला लागून पुस्तकांचें भरलेलें कपाट ठेवलें. त्यानें कितपत फरक पडला हें सांगवत नाहीं, पण पुस्तकांस जागा झाली.

एक उपाय मात्र दमडीही न खर्चतां झाला, आणि तो सर्वस्वीं मुलीचा. खोलींत फिरतांना तिच्या ध्यानांत आलें कीं उरलेली गुणगुण भिंतीलगत व कोपऱ्यांत अधिक ऐकूं येते, आणि भिंतीपासून थोडें दूर उभें राहिलें तर उणावते. तिनें हिशेब मांडला. ध्वनि सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. १०० कंपनांच्या स्वराची लाट साडेतीन मीटरांच्या आसपास लांब. तिचा चौथा भाग पाऊण मीटरांहून थोडा अधिक. भिंतीवरून परतलेली लाट व येणारी लाट तेवढ्या अंतरावर एकमेकींस खाऊन टाकतात. तिनें आजीची खाट भिंतीपासून ओढून डोक्याची बाजू बरोबर तितक्या अंतरावर आणली. आमच्या मातोश्रींचा लाटांवर विश्वास नाहीं. त्या रात्रीं त्यांनीं नातीस एवढेंच विचारलें कीं खाट हलविली तेव्हां यंत्र बंद केलें होतें काय.

रात्रींच्या वेळेचा एक निर्णय यंत्राबाहेरचा आहे. अंधार पडला कीं बाहेरची हवा निवते व तिची आर्द्रताही वाढते. मग पंपाचें काम काय? रात्रीं दहा वाजतां खोलीची फरशी पाण्यानें भिजवितों, दारांत ओलीं पोतीं टांगतों, व पंप सकाळीं सहापर्यंत बंद ठेवतों. मोठा पंखा तेवढा अगदीं मंद गतीनें रात्रभर चालूं राहतो. घटकेघटकेस आपोआप चालूं-बंद होणारें घड्याळ लावावें असें कोणी सुचविलें होतें. परंतु एकसारख्या मंद आवाजानें झोंप मोडत नाहीं तितकी अवचित सुरू होणाऱ्या आवाजानें मोडते, म्हणून तें आम्हीं नाकारलें. आतां मध्यरात्रीं उशाशीं मापक ४० च्या आंतबाहेर दाखवितें. कूलरच्या जाळीवरून दिवसा पडणाऱ्या पाण्याची टपटप राहिली आहे. नळीचें तोंड पाण्याखालीं नेलें तर ती थांबेल, पण जाळी भिजविल्याशिवाय कूलर कसला? ती सोसावी.

वैशाखांत एका पहांटे मातोश्रींनीं आम्हांस हांक मारून उठविलें. कुत्रें भुंकत नव्हतें; गप्प होतें, आणि गाय फुरफुरत होती. आम्हीं दिवे लावले, डबा वाजविला. उसाच्या कडेनें कांहींतरी सरसरत गेलें. उजाडल्यावर ठसे पाहिले. ते गोठ्यापासून वीस पावलांवरून वळलेले होते.

ज्यांस हा खटाटोप आपल्या घरीं करून पाहावयाचा असेल त्यांनीं जुन्या ट्यूबा मंचरास किंवा नारायणगांवास कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मागाव्या; तो बहुधा फुकटच देतो. ओलीनें व उष्णतेनें हें रबर वर्षभरांत कडक होतें, आणि कडक झालेलें रबर लांकडासारखेंच कंपन पोहोंचवितें. आम्ही दर होळीच्या सुमारास, कूलर बाहेर काढतांना, सारे तुकडे बदलतों.